पाव पोळीएवढा वेळ

आमच्या सरांना "कसे आहात?" असं विचारायची सोय नव्हती. "कोणत्या बाबतीत?" असा उलटा प्रश्न यायचा, आणि तोही थट्टेनं नव्हे. गुडघ्यांची चौकशी असेल तर एक उत्तर, झोपेची असेल तर दुसरं, आणि विचारणाऱ्याला उत्तर नकोच असेल तर "बरा आहे" हे तिसरं, असं ते शांतपणे समजावून सांगत. तोवर विचारणाऱ्याची बस निघून गेलेली असे. मी बिबवेवाडीहून दोन बस बदलून कर्वेनगरला त्यांच्या घरी लिखाणाच्या कामाला जायची. पहिल्या आठवड्यात माझ्या परतीच्या दोन बस चुकल्या, मग मी दारातून आत आले की नुसती मान हलवायला लागले. त्यांनी ती मानही खिशातल्या नोंदीच्या कार्डावर लिहून घेतली असावी.

सर विद्यापीठात भाषाविज्ञान शिकवत. विषय अर्थाचा. त्याची एक शाखा गणितासारखी, चिन्हं मांडून एखादं वाक्य केव्हा खरं नि केव्हा खोटं ते ठरवणारी. दुसरी शाखा जरा संसारी. माणूस बोलतो एक, त्याला म्हणायचं असतं दुसरंच, आणि तरी समोरच्याला ते कळतं, ते कसं, हे शोधणारी. सर दोन्हीकडे नांदले. वर्गात ते म्हणत, "आपण जे बोलतो त्यातलं अर्धंच शब्दांत असतं. उरलेलं अर्धं ऐकणारा आपल्या घरून आणतो." मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "आणि ऐकणारा घरून काही आणायला विसरला तर?" सर म्हणाले, "तर त्याला माझ्या वर्गात बसवतात." आम्हा सगळ्यांना ते 'आपण' म्हणत. अठरा वर्षांच्या पोराला सुद्धा "आपण उशिरा आलात" म्हणत, आणि त्या 'आपण'ची भीती 'अरे गाढवा'पेक्षा जास्त वाटे.

लग्न त्यांनी केलं नाही. एका मुलीला बघायला मात्र गेले होते. मुलीचे वडील म्हणाले, "मुलीला थोडंफार गाता येतं." सरांनी विचारलं, "थोडंफार म्हणजे कमी येतं, की बरंच येतं पण आपण विनयानं बोलता आहात?" वडिलांनी सरळ सांगितलं, "आता काहीच येत नाही असं समजा." ही हकीकत सर स्वतःच सांगत, आणि त्यात आपली चूक काय झाली हे त्यांना शेवटपर्यंत नीटसं कळलं नव्हतं.

त्यांच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला मी एकदा त्यांची छत्री नि पिशवी सांभाळत बसले होते. सेक्रेटरी म्हणाले, "काही सभासद गाड्या चुकीच्या जागी लावतात." सर उठून उभे राहिले. "सगळेच लावत असले तरी आपलं वाक्य खरंच राहतं. पण ऐकणारा धरून चालतो की सगळे लावत नसणार. आपल्याला नक्की काय म्हणायचं आहे?" पाऊण तास त्यावर गेला. अखेर सगळेच लावतात असं निघालं, सेक्रेटरीसकट. त्यानंतर सभेची नोटीस सरांच्या दारात सभा होऊन गेल्यावर पडायची.

ही 'काही'ची भानगड म्हणजेच सरांचं आयुष्य होतं, हे मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. निवृत्तीनंतर ते एका पुस्तकावर काम करत होते, आणि ते काम त्याच्याही आधीपासून, वीसेक वर्षं चाललेलं. मी एम. ए. होऊन घरी बसले होते. त्यांनी बोलावलं आणि सांगितलं, "कार्डं संगणकावर चढवायची आहेत. माझं अक्षर मला लागतं, पण संगणकाला लागत नाही असं ऐकतो." कार्डं मिठाईच्या रिकाम्या खोक्यांत ठेवलेली होती. प्रत्येक कार्डाला साजूक तुपाचा वास. अजूनही पेढ्याचा खोका उघडला की मला अर्थविचार आठवतो.

कार्ड लिहायची त्यांची रीत ठरलेली होती. आधी लिहायचं कोण बोललं, मग कुणाशी, मग तेव्हा नुकतंच काय घडलं होतं, मग ऐकणाऱ्यानं काय केलं. वाक्य सगळ्यांत शेवटी. "वाक्य आधी लिहिलं की बाकीचं लिहायचा कंटाळा येतो," ते म्हणत, "आणि वाक्य एकटं कधीच नसतं." मंडईत, पोस्टात, दवाखान्याच्या रांगेत, जिथे असतील तिथे खिशातून कार्ड निघायचं. एका भाजीवालीला ते रोज विचारायचे, "मेथी ताजी आहे का?" आणि घ्यायचे नाहीत. एके दिवशी ती म्हणाली, "ताजीय. तुमच्यासाठी नाही." सर आठवडाभर खुशीत होते. न विचारता मिळालेलं वाक्य सोन्याचं, विचारून मिळालेलं तांब्याचं, ही त्यांची आवडती म्हण. म्हण त्यांचीच, त्यामुळे तिचा त्यांना धाक नव्हता.

कारण त्यांच्या पुस्तकातलं चौथं प्रकरण, ज्यासाठी खरं तर बाकीचं पुस्तक होतं, ते सगळं विचारून मिळालेल्या उत्तरांवर उभं होतं. आणि ती उत्तरं एकाच माणसाची होती.

त्या म्हणजे मावशी. सरांकडे बारा वर्षं स्वयंपाकाला येत होत्या. माहेर हिंजवडीच्या बाजूचं, तिथे कंपन्या यायच्या आधीचं. त्यांची शेतं होती तिथे आता काचेच्या इमारती आहेत, हे त्या "आमची वांगी हुती तिथं लिफ्ट हाय" एवढ्या शब्दांत सांगायच्या. त्यांची बोली सरांना हवी होती. रोज सकाळी अकराला मावशी कणीक मळायला घेत, तेव्हा सर ओट्याशेजारी लाकडी स्टूल ओढून बसत, मांडीवर कार्डं, कानावर पेन्सिल.

"समजा, आपल्या जाऊबाई म्हणाल्या..." असं सुरू व्हायचं. मग एक प्रसंग, एक वाक्य, आणि प्रश्न: असं म्हणतील का? म्हटलं तर आपण काय समजाल? मावशी लाटता लाटता उत्तर द्यायच्या. "हाय की. म्हनतील." त्यांनी विचार करायला किती वेळ घेतला तेही सर टिपायचे, आणि त्यासाठी घड्याळ नव्हतं. माप होतं पोळीचं. कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, 'उत्तरास पाव पोळी', 'अर्धी पोळी'. पहिल्याच दिवशी मी विचारलं, की हे इंग्रजी पुस्तकात कसं लिहिणार? सर म्हणाले, "तळटीप." मावशी तिला चपाती म्हणायच्या, सर पोळी. बारा वर्षांत या बाबतीत दोघंही तसूभर हलले नव्हते. ही गोष्ट मी तेव्हाच ध्यानात घ्यायला हवी होती.

चौथ्या प्रकरणाचं म्हणणं साधं होतं. कुणी "काही भाकरी करपल्या" म्हणालं की आपण धरून चालतो, सगळ्या करपल्या नसणार. हे धरून चालणं माणसाच्या मनाचाच स्वभाव, सगळीकडे सारखा, असं परदेशातले जाणकार मानत. सर म्हणत होते, तसं नाही. बोलणारा मोठा आणि ऐकणारा लहान असेल, सासू आणि सून, मालक आणि गडी, तर लहान माणूस असं काही धरून चालत नाही. तो सगळ्या शक्यता उघड्या ठेवून गप्प उभा राहतो. मला हे वाचताच पटलं होतं, कारण मी तशी उभी राहिलेली आहे. परदेशातल्या एका प्रकाशकानं पुस्तक घ्यायचं कबूल केलं होतं. पावसाळा संपायच्या आत हस्तलिखित पाठवायचं ठरलं होतं.

एका सोमवारी मी जुना खोका उपसत होते. त्यात एक कार्ड मिळालं. ते वाचताना मला वाटलं, हे आपण आधीच चढवलंय. शोधलं तर त्याच प्रश्नाचं दुसरं कार्ड सापडलं, सहा-सात वर्षांनंतरचं. सर विसरून दोनदा विचारून बसले होते. प्रश्न अक्षर न् अक्षर तोच: सासूबाई म्हणाल्या, 'काही भाकरी करपल्या.' सगळ्याच करपल्या असतील असं आपल्या मनात येईल का? जुन्या कार्डावर मावशींचं उत्तर, 'नाय येनार.' नव्या कार्डावर, 'येईल की.' दोन्हीला पाव पोळी.

माणूस बदलतो, म्हणून मी सोडून देणार होते. पण जुनं कार्ड ज्या काळातलं होतं त्या काळात सरांचं मत उलटं होतं. तेव्हा तेही परदेशातल्या जाणकारांसारखंच म्हणत. मग त्यांचं मत बदललं, आणि मावशींचं उत्तरही बदललं. मी दुपारभर खोके उपसले. अशा आणखी जोड्या निघाल्या, आणि प्रत्येक जोडीत मावशी सरांच्या बाजूला होत्या, ज्यांनी आपली 'चपाती' मात्र कधी सोडली नव्हती त्या मावशी.

दुसऱ्या दिवशी सर दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. मी स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं, "मावशी, सर विचारतात ते सगळं तुम्ही खरंच तसं म्हणता का गावाकडे?"

"काय की बाई," मावशी म्हणाल्या. "मला तर निम्मं समजत बी नाय. सरांचं तोंड बघायचं. भुवई वर गेली की हो म्हनायचं. वठ दाबला की नाय म्हनायचं."

"अहो, पण का?"

त्यांनी हात थांबवला. "येवढा मोठा मानूस स्टुलावर बसून आपल्याला इचारतो. आमच्या घरात मला कुनी मीठ किती घालू म्हनून इचारलं नाय कदी. सुरवातीला एकदा उलट बोलले मी, तर दोन दिस जेवनावर मन नव्हतं त्यांचं. मग म्हनलं, आपल्या एका हो नं कुनाचं बरं हुत असंल तर काय जातं?" मग घाबरून माझ्याकडे पाहिलं. "काय चुकलं का माझं?"

मी नाही म्हटलं. ते उत्तर द्यायला मला पाव पोळीही लागली नाही, आणि ते खोटं होतं.

पुढचे चार दिवस मी काय केलं ते सांगायला मला लाज वाटते. मी कार्डं चढवत राहिले. सांगावं तर वीस वर्षांचं काम एका झटक्यात खाली येणार. न सांगावं तर सर खोट्या उत्तरांवर उभं राहून जगाला खरं काय ते सांगणार, आणि त्यांना ठाऊकही नसणार. शिवाय मावशी. त्यांना कळलं की सरांचं पुस्तक आपल्या हो-हो नं बुडालं, तर त्या बाईनं काय करायचं? शनिवारी मला सहन होईना. मी दोन्ही कार्डं सरांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि माझ्या खुर्चीत जाऊन बसले. उरलेलं अर्धं ऐकणाऱ्यानं आणायचं. त्यांचीच शिकवण.

सरांनी एक कार्ड वाचलं, दुसरं वाचलं, चष्मा काढून पुन्हा दोन्ही वाचली. स्वयंपाकघरातून लाटण्याचा आवाज येत होता. दोन पोळ्या झाल्या असतील.

"आपल्याला हे कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज शनिवार."

"हो."

"आणखी जोड्या आहेत?"

"आहेत सर."

"मावशींशी बोललात?"

मी सगळं सांगितलं, भुवईसकट. त्यांचा हात आपोआप भुवईकडे गेला आणि तिथेच राहिला. बारा वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या न बोललेल्या अर्ध्याचा हिशेब मांडत होता, आणि स्वतःचं तोंड रोज अकरा वाजता काय बोलतं ते त्याला माहीत नव्हतं. मला त्यांची फार दया आली. त्यांना दया आवडत नसे, म्हणून मी युक्तिवाद केला. "सर, पण हे आपल्या बाजूचंच आहे ना? लहान माणूस मोठ्यापुढे वेगळा वागतो, हेच आपण म्हणता. मावशींचा प्रत्येक होकार त्याचाच पुरावा आहे."

सरांनी दोन्ही कार्डं एकावर एक ठेवली. मग म्हणाले, "सोयीचं आहे. मला आवडलं. म्हणूनच चालणार नाही."

त्यांनी त्याच दुपारी प्रकाशकाला पत्र लिहिलं. पुस्तक येत नाही, कारण लेखकाचे पुरावे लेखकानंच शिकवलेले आहेत. पत्र मला वाचायला दिलं, फक्त शुद्धलेखनासाठी. मग म्हणाले, "मावशींना यातलं काही कळता कामा नये. त्यांनी माझ्यावर उपकार केला. तो मी चुकीच्या खोक्यात ठेवला, एवढंच."

सोमवारपासून ते स्वयंपाकघरात गेले नाहीत. अकरा वाजले की बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसत, आणि पान उलटत नसत. स्टूल ओट्याशेजारीच होतं. मावशी त्याच्या बाजूनं वळून जात, त्याला धक्का लागू नये अशा. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "सरांना बरं नाय का?" दुसऱ्या दिवशी विचारलं, "माझ्यावर रागावलेत का?" तिसऱ्या दिवशी काहीच विचारलं नाही, आणि आमटी खारट झाली. सरांनी ती मुकाट्यानं खाल्ली.

गुरुवारी अकराच्या सुमाराला मावशी पिठाचे हात तसेच घेऊन बाहेरच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या खोलीत त्या एरवी येत नसत.

"सर, इचारा की काय तरी."

सरांनी वर्तमानपत्र खाली केलं. "आता प्रश्न संपले मावशी."

"संपले नाय. तुमी इचारायचं बंद केलं." मग माझ्याकडे बोट केलं. "या बाईनं मला इचारलं, आन् दुसऱ्या आठवड्याला तुमी यायचं बंद झालात. मला काय लिवता वाचता येत नाय, पन येवढं समजतं. माझं चुकलं. तुमचं तोंड बघून बोलत हुते मी."

सर उठून उभे राहिले. वर्तमानपत्राची घडी करून त्यांनी ती खुर्चीवर ठेवली. "आपलं काही चुकलेलं नाही," ते म्हणाले. "तोंड माझं होतं."

"मग असं करू," मावशी म्हणाल्या. "तुमी माझ्या मागं बसा. मी भिंतीकडं तोंड करून लाटते. मला तुमचं तोंड दिसायचं नाय. मग बगू काय येतंय ते."

विचारणाऱ्याचा कल उत्तर देणाऱ्याला दिसू नये म्हणून परदेशातल्या प्रयोगशाळांत काय काय उपाय करतात ते सरांनी आम्हाला एक अख्खं सत्र शिकवलं होतं. त्यांनी स्टूल उचललं आणि मावशींच्या पाठीमागे, फ्रिजला टेकवून ठेवलं. मी दाराशी उभी राहिले, तिथून दोघंही दिसत होते. सरांनी खिशातून कोरं कार्ड काढलं आणि तोच प्रश्न विचारला, करपलेल्या भाकऱ्यांचा.

मावशी लाटत राहिल्या. पाव पोळी झाली, अर्धी झाली, पूर्ण झाली. ती त्यांनी तव्यावर टाकली आणि दुसरी लाटायला घेतलीच नाही. हात पोळपाटावर तसेच ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. तव्यावरून धूर निघायला लागला. मी पुढे होणार होते, सरांनी हातानंच थांबवलं.

"नाय," मावशी म्हणाल्या.

सरांची भुवई वर गेली. पण ती बघायला समोर कुणी नव्हतं.

"हा सवालच खोटा हाय सर. सासूबाई असं म्हनायच्याच नाय. काही करपल्या, सगळ्या करपल्या, असं कायसुदिक नाय. त्या टोपल्यावरचं फडकं उचलायच्या, भाकरीकडं बघायच्या, आन् फडकं परत टाकायच्या."

"मग आपण काय समजायचात?" सरांनी हळूच विचारलं.

"समजायचं काय त्यात? परसात जाऊन रडायची मी." मग धूर लक्षात येऊन त्या दचकल्या. "अगं बाई, जळाली की!"

सर कार्ड लिहीत होते. कोण, कुणाशी, काय घडलं होतं, ऐकणारीनं काय केलं. शेवटी वाक्याची ओळ आली आणि पेन्सिल थांबली. ती ओळ त्यांनी कोरी ठेवली. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं, 'उत्तरास एक पोळी, जळाली.' कार्ड माझ्याकडे दिलं तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही.

प्रकाशकाला त्याच दुपारी दुसरं पत्र गेलं, चौथं प्रकरण नव्यानं लिहायचं आहे, थांबता येईल का म्हणून. ते थांबले. सरांना पुढे तीन वर्षं लागली, आणि स्टूल तेवढी सगळी वर्षं फ्रिजला टेकलेलं होतं. मी आता हिंजवडीत एका कंपनीत यंत्रांना मराठी शिकवते. यंत्र प्रत्येक गोष्टीला हो म्हणतं, आणि माझे सहकारी खूश होतात. मी त्यांना मावशींची गोष्ट सांगते, त्यांना ती स्वयंपाकाची वाटते.

त्या गुरुवारी मावशींनी जळकी पोळी बाजूला काढून ठेवली होती, गाईला घालायला. जेवायला बसल्यावर सरांनी ती मागून घेतली. "अवो, करपलीय ती," मावशी म्हणाल्या. सर म्हणाले, "माहीत आहे," आणि तुपाशिवाय, सगळ्यांत आधी तीच खाल्ली.